‘सर्वांचं स्वागत आहे’ एवढं लिहून भागतं का? (विठ्ठल रामजी शिंदे, प्रार्थना समाज आणि आपण)

रानवारा:

आमचा पुण्यात एक छोटा गट आहे, रविवारी सकाळी कुणाच्या तरी घरी जमतो. थोडं भजन, थोडं वाचन, थोडा वेळ नुसतं शांत बसायचं आणि मग एखाद्या विषयावर बोलायचं. बहुतेक जण हिंदू घरातले, एक ख्रिश्चन जोडपं आहे, एक काका देव अजिबात मानत नाहीत पण सगळ्यात नियमित तेच येतात. आता घरं पुरेनात म्हणून एक हॉल भाड्याने घ्यायचं ठरतंय आणि त्यानिमित्ताने गटाचं छोटं पत्रक लिहायचं काम माझ्याकडे आलंय. पहिलं वाक्य सगळ्यांनी लगेच पास केलं, जात धर्म लिंग काहीही असो सर्वांचं स्वागत आहे. माझं घोडं तिथेच अडलंय, म्हणून हा धागा.

कारण असं की सध्या मी महर्षी विठ्ठल रामजी शिंद्यांबद्दल वाचतेय आणि ते वाचताना हे वाक्य फार सोपं वाटायला लागलंय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जन्म १८७३, जमखंडीचा. मराठा कुटुंब, घरात वारकरी वळण. पुढे प्रार्थना समाजाकडे, म्हणजे एक निराकार ईश्वर मानणाऱ्या मुंबईच्या सुधारक मंडळींकडे ओढले गेले आणि १९०१ साली युनिटेरियन लोकांच्या मदतीने ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्मांचा तौलनिक अभ्यास करायला गेले. युनिटेरियन म्हणजे ख्रिस्ती धर्मातला तो उदार पंथ जो त्रैक्य मानत नाही, देव एकच आणि माणसाची सदसद्विवेकबुद्धी मोठी असं मानतो. तिथे एस्टलिन कार्पेंटरसारखा माणूस शिकवत होता जो स्वतः युनिटेरियन आणि वर पाली आणि बौद्ध धर्माचा मोठा अभ्यासक. १९०३ मध्ये परत येताना शिंदे अ‍ॅमस्टरडॅमला उदार धर्मवाल्यांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत गेले आणि तिथे भारतातल्या उदार धर्माबद्दल निबंध वाचला. म्हणजे बघा, जमखंडीचा मुलगा, तुकाराम घेऊन गेलेला, तिकडच्या लोकांना सांगतोय की आमच्याकडेही हा प्रवाह आहे.

इथपर्यंतचं सगळं छान आहे, परिषदा निबंध वगैरे. मला धरून ठेवतं ते पुढचं. परत आल्यावर ते मुंबई प्रार्थना समाजाचे प्रचारक झाले, गावोगाव फिरायचे. १९०५ मध्ये नगरजवळ भिंगारला तिथल्या अस्पृश्य वस्तीतल्या लोकांनी त्यांना रात्री सभेला बोलावलं, ते गेले, आणि तिथून त्यांच्या डोक्यात पक्कं झालं की नुसतं उपासना आणि व्याख्यानं पुरेशी नाहीत. १८ ऑक्टोबर १९०६ ला परळला निराश्रित साह्यकारी मंडळीची म्हणजे डिप्रेस्ड क्लासेस मिशनची पहिली शाळा सुरू झाली. अध्यक्ष नारायणराव चंदावरकर, पण प्रत्यक्ष काम शिंदे आणि त्यांच्या घरच्यांनी केलं, बहीण जनाबाई तर त्यात पूर्ण उतरल्या. शाळा, दवाखाना, वसतिगृह, शिवणकाम, आणि हे सगळं वस्तीत राहून. समाजाचं मंदिर गिरगावात, तिथून परळला जाऊन संध्याकाळी परत येणं वेगळं आणि कुटुंबासकट तिथलं होणं वेगळं.

मला यात प्रेम दिसतं. अगदी धार्मिक अर्थाने. देव सगळ्यांचा बाप आहे असं रविवारी म्हणायचं असेल तर सोमवारी त्याची किंमत कोण देतं हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला आणि उत्तर म्हणून अख्खं आयुष्य दिलं.

तर प्रश्न हा की आजच्या काळात, एका शहरातल्या मध्यमवर्गीय गटाने ‘स्वागत’ म्हणजे नक्की काय करायचं? दार उघडं ठेवणं एवढंच की अजून काही? मोकळेपणाने लिहा, वाद झाला तरी चालेल.

तळटीप:

चांगला विषय. थोडी भर घालतो कारण प्रार्थना समाजाची गोष्ट शिंद्यांच्या आधीपासून बघितली पाहिजे, तिथेच हा पेच सुरू होतो. १८४९ च्या सुमारास मुंबईत परमहंस सभा होती, दादोबा पांडुरंग वगैरे मंडळी. जात मोडायची हे त्यांचं व्रत, आणि सभासद होताना परजातीच्या, परधर्माच्या माणसाने भाजलेला पाव खायचा. पण सगळं गुप्त! सभासदांची नावं बाहेर फुटल्यावर १८६० च्या आसपास सभा संपली. लोक धैर्याचे नव्हते असं मला म्हणायचं नाही, त्या काळात वाळीत पडणं म्हणजे मर्तिकाला चार खांदे न मिळणं. पण बंद दारामागची समता किती टिकणार.

मग बंगालच्या ब्राह्मो समाजाचे केशवचंद्र सेन येऊन गेले आणि ३१ मार्च १८६७ ला प्रार्थना समाज सुरू झाला, दादोबांचे भाऊ डॉ. आत्माराम पांडुरंग पुढे होते, नंतर रानडे, भांडारकर आले. यांनी उलटं केलं. सगळं उघड, पण जात सोडायची अट नाही. उपासनेला या, एक निराकार ईश्वर माना, मूर्तिपूजेचा आग्रह सोडा, घरी काय करता ते तुमचं तुम्ही बघा. त्यामुळे समाज टिकला, रात्रशाळा काढल्या, पंढरपूरचा अनाथ बालकाश्रम चालवला जिथे टाकून दिलेली मुलं आणि विधवा बायका यांना आसरा मिळाला, पंडिता रमाबाईंना १८८२ मध्ये पुण्यात आर्य महिला समाज काढताना याच मंडळींचा आधार होता. पण सभासद कोण, तर शिकलेले, वरच्या जातीचे, नोकरीवाले. दार उघडं होतं, कुणी अडवत नव्हतं, तरी परळचा गिरणी कामगार गिरगावच्या मंदिरात येत नव्हता. महात्मा फुल्यांनी यावरच बोट ठेवलं, १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये ब्राह्मो आणि प्रार्थना समाजाचा त्यांनी खरपूस समाचार घेतलाय.

रानवारा, तुमच्या पत्रकाचं पहिलं वाक्य हे १८६७ चं वाक्य आहे. वाईट नाही, पण आपण दीडशे वर्षं तिथेच बसायचं का एवढंच.

चार्ल्सकाठचा:

मी बॉस्टनजवळ राहतो आणि आम्ही दोघं इथल्या युनिटेरियन युनिव्हर्सलिस्ट चर्चमध्ये जातो, त्यामुळे धागा बघून एकदम उत्साहाने लिहितोय. चर्च म्हटलं की इकडचे आपले मराठी लोक दचकतात, धर्म बदलला का विचारतात. तसं काही नसतं, आमच्यात ज्यू आहेत, बौद्ध आहेत, नास्तिक भरपूर आहेत. युनिटेरियन आणि युनिव्हर्सलिस्ट हे दोन वेगळे पंथ १९६१ साली एक झाले. युनिव्हर्सलिस्टांची मूळ श्रद्धा मला फार आवडते, की देवाचं प्रेम एवढं मोठं आहे की कुणीच कायमचं नरकात जाणार नाही. बास. एकदा हे मानलं की मग या जगात कुणाला बाहेर ठेवायला तुमच्याकडे कारणच उरत नाही.

आणि त्यांनी किंमत दिलेली आहे. १९६५ मध्ये अलाबामातल्या सेल्माला काळ्या लोकांच्या मतदानाच्या हक्कासाठी मार्टिन ल्यूथर किंगनी सगळ्या धर्मगुरूंना हाक दिली तेव्हा बॉस्टनहून जेम्स रीब नावाचे युनिटेरियन पाद्री गेले, त्यांना मारहाण झाली आणि ११ मार्चला ते वारले. त्याच महिन्यात डेट्रॉइटच्या व्हायोला लिउझो, पाच मुलांची आई, आमच्याच पंथाच्या, मोर्चातल्या लोकांना गाडीतून पोचवताना गोळ्या घालून मारल्या गेल्या. इथल्या चर्चमध्ये ही नावं अजून आदराने घेतली जातात.

पण आता जे सांगतोय ते इथे पण लोक जरा हळू आवाजात सांगतात. सेल्मानंतर तीनच वर्षांनी, १९६८ मध्ये पंथातल्या काळ्या सभासदांनी म्हटलं की आमच्या समाजासाठीचा पैसा कसा खर्च करायचा ते आम्ही ठरवू, आमची ब्लॅक अफेअर्स कौन्सिल ठरवेल, चार वर्षांत दहा लाख डॉलर द्या. महासभेने ठराव पास केला. आणि मग वर्षभरात कुरबुर सुरू झाली, वेगळं कशाला, आपण सगळे एकच ना, पैसे कुठून आणायचे. १९६९ ला बॉस्टनच्या महासभेत बरेच जण सभा सोडून उठून गेले, पुढच्या वर्षी पैशाला कात्री लागली आणि कितीतरी काळे सभासद पंथ सोडून निघून गेले. म्हणजे दुसऱ्यांच्या गावी जाऊन त्यांच्यासाठी जीव द्यायला तयार असलेला पंथ, स्वतःच्या तिजोरीची सही त्यांच्या हातात द्यायची वेळ आली तेव्हा अडखळला. मी या लोकांवर प्रेम करतो, इथेच माझी मुलं मोठी झाली, म्हणूनच हे लिहिताना त्रास होतो. पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला याच ठिकाणी दिसतं.

भीमाकाठ:

वर चार्ल्सकाठचा यांनी जे सांगितलं ते वाचून मला थेट नागपूर १९२० आठवलं. शिंद्यांबद्दल लिहिताना हा भाग नेहमी गाळला जातो म्हणून लिहितो, आणि आधीच सांगतो मला त्यांच्याबद्दल मनापासून आदर आहे, १९१७ च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये अस्पृश्यतेविरुद्धचा ठराव आला त्यामागे त्यांची खटपट होती, तोपर्यंत काँग्रेस हा विषय घ्यायलाच तयार नव्हती.

पण कायदेमंडळात अस्पृश्यांचे प्रतिनिधी कसे निवडायचे हा प्रश्न आला तेव्हा मिशनचं म्हणणं पडलं की निवडून आलेल्या सभासदांनी ते निवडावेत. म्हणजे आमचा माणूस तुम्ही निवडणार. मे १९२० मध्ये नागपूरला शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली बहिष्कृत परिषद झाली, बाबासाहेब तेव्हा तरुण होते, २९ वर्षांचे, त्यांनी या भूमिकेवर टीका केली आणि परिषदेने विरोधाचा ठराव केला. शिंदे दुष्ट होते म्हणून नाही. त्यांनी आयुष्य वाहिलं होतं. पण आयुष्य वाहिलेल्या माणसालासुद्धा असं वाटू शकतं की यांचं भलं कशात आहे ते मला जास्त कळतं. १९२३ ला ते मिशनपासून बाजूला झाले.

मी स्वतः बौद्ध आहे, आईवडिलांपासून. मला आजपर्यंत बऱ्याच सर्वधर्म प्रार्थनांना, सलोखा कार्यक्रमांना बोलावलं गेलंय. लोक चांगले असतात. पहिल्या रांगेत बसवतात, हार घालतात, बुद्धवंदना म्हणायला सांगतात. मग चहाला सगळे आपापल्या ओळखीच्या घोळक्यात आणि पुढच्या कार्यक्रमाची मीटिंग कधी झाली हे मला कधीच कळत नाही, एकदम पत्रिका येते. मला हार नको. मीटिंगला बोलवा.

रानवारा:

भीमाकाठ, खूप आभार, हेच ऐकायचं होतं. नागपूरचा संदर्भ मी वाचला होता पण चार्ल्सकाठच्या गोष्टीशेजारी ठेवून कधी बघितला नव्हता, पन्नास वर्षांचं अंतर आणि मधे सातासमुद्रांचं पाणी, तरी पेच तोच.

मला एक विचारायचंय, मीटिंगला बोलावणं म्हणजे आमच्या गटात नेमकं काय होईल? कारण आमचे लोक म्हणतील की आम्ही कुणाला नाही म्हटलंय का, या की.

भीमाकाठ:

‘या की’ नाही चालत ताई. पत्रक तुम्ही लिहिताय ना? ते छापायच्या आधी ज्यांचं स्वागत करायचंय म्हणताय त्यातल्या निदान दोघातिघांनी त्यावर काट मारलेली असली पाहिजे. हॉल कुठे घेताय ते पण बघा. वस्तीतल्या माणसाला जिथे वॉचमन तीनदा विचारतो कुणाकडे जायचंय, तिथे हॉल घेऊन स्वागताचा बोर्ड लावू नका.

कोकणकडा:

मला हे सगळं थोडं अवघड जातंय, प्रामाणिकपणे लिहितो. धर्म कशाला मधे आणायचा? राज्यघटना आहे, अस्पृश्यता बंद करणारं १७ वं कलम आहे, मंदिर प्रवेशाचा कायदा महाराष्ट्रात १९५६ पासून आहे, वाळीत टाकण्याविरुद्ध २०१६ चा स्वतंत्र कायदा आहे. न्याय हा हक्काने मिळाला पाहिजे, कुणाच्या प्रेमावर अवलंबून कशाला? प्रेम आज आहे उद्या नाही. मला तरी प्रेमाच्या भाषेची भीती वाटते कारण घरात सगळ्यात जास्त अन्याय प्रेमाच्या नावाखालीच होतात.

चंद्रभागा:

कोकणकडा, तुमचं बरोबर आहे पण अर्धं. आमचं घर मंगळवेढ्याच्या बाजूचं, वारी आजोबांच्या आधीपासून. चोखोबा तिथलेच, गावकुसाचं बांधकाम कोसळून त्याखाली गेले, १३३८ साली असं सांगतात. समाधी पंढरपूरला महाद्वारापाशी, नामदेव पायरीच्या जवळ. सहाशे वर्षं त्यांचे अभंग देवळात म्हणत होते आणि त्यांच्या माणसांना आत सोडत नव्हते. हे काही प्रेम नसल्याने झालं असं मी म्हणू शकत नाही, अभंग म्हणणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यायचं, खरं पाणी. मग त्या प्रेमाचं काय करायचं?

साने गुरुजींनी ते केलं. आधी महिनोन् महिने महाराष्ट्रभर फिरले, गावोगाव देवळं, विहिरी उघडा म्हणून सांगत, आणि मग १ मे १९४७ पासून पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले. दहा दिवसांनी बडव्यांनी, म्हणजे विठोबाच्या वंशपरंपरागत पुजाऱ्यांनी, मान्य केलं. विचार करा, स्वातंत्र्य तीन महिन्यांवर आलेलं, सगळा देश दिल्लीकडे बघतोय आणि हा माणूस म्हणतोय आधी हे दार. उपोषणाला विरोध करणारे पण थोडे नव्हते. आणि एक लक्षात घ्या, कायदा करून ते दार उघडताच आलं असतं, पुढे झालाच कायदा. पण गुरुजींना पहारा बसवून उघडलेलं दार नको होतं, आतल्या माणसाचं मन हलायला हवं होतं. पुढे १९५८ ला विनोबा तर वेगवेगळ्या धर्मांची माणसं बरोबर घेऊन विठोबाच्या दर्शनाला गेले.

पण तुमचं अर्धं बरोबर कसं ते पण सांगते. देऊळ उघडलं तरी बडव्यांचे हक्क तसेच राहिले, ते संपायला सुप्रीम कोर्टाचा २०१४ चा निकाल यावा लागला आणि त्यानंतर मंदिर समितीने ब्राह्मणेतर आणि बायका पुजाऱ्यांसाठी अर्ज मागवले. म्हणजे दर्शनाची रांग १९४७ ला मोकळी झाली आणि पूजेचं ताट सदुसष्ट वर्षांनी. ते मन हलल्याने झालं नाही, कोर्टाने झालं. दोन्ही लागतं हो. वारीत आम्ही एकमेकांच्या पाया पडतो, लहान मोठं न बघता माऊली म्हणतो, मी वकीलबाईंना पाया पडताना बघितलंय भाजी विकणाऱ्या बाईच्या. कुठला कायदा हे करून घेईल सांगा. पण ती वकीलबाई परत गेल्यावर तिच्या सोसायटीत त्याच भाजीवालीला लिफ्ट वापरू देते का, तिथे परत नियमच लागतो.

तळटीप:

चंद्रभागा ताई, फार छान लिहिलंत. मनाचं आणि सहीचं अंतर दाखवणारा अजून एक प्रसंग शिंद्यांच्याच आयुष्यातला. मार्च १९१८ मध्ये त्यांनी मुंबईत अस्पृश्यता निवारण परिषद भरवली, अध्यक्ष सयाजीराव गायकवाड. लोकमान्य टिळक आले आणि जोरदार बोलले, देव जर अस्पृश्यता मानत असेल तर मी त्याला देव म्हणणार नाही असं. सभा दणाणली. पण परिषदेचा एक जाहीरनामा होता, मी माझ्या रोजच्या व्यवहारात अस्पृश्यता पाळणार नाही असा, त्यावर सह्या घेतल्या तेव्हा लोकमान्यांची सही त्यावर आली नाही. त्यांची राजकीय अडचण असेल, अनुयायांचं दडपण असेल. पण मला तो जाहीरनामा फार आवडतो, कारण त्यात समाजाने काय करावं असं नव्हतं, मी काय करीन असं होतं. रानवारा, तुमच्या पत्रकात ‘स्वागत आहे’ च्या जागी ‘आम्ही अमुक करू’ अशी वाक्यं घ्या.

नगरकरीण:

नगरची ख्रिस्ती आहे मी, तिसरी पिढी चर्चमध्ये. इथे सगळं हिंदू समाजाबद्दल चाललंय म्हणून आमच्याकडचंही लिहिते. आम्ही पण धुतल्या तांदळासारखे नाही. येशूने जेवणाच्या पंगतीत कुणालाही बसवलं, जकातदार असो की बदनाम बाई, त्यावरून तर त्याच्यावर टीका व्हायची. आणि तरी आमच्यात अजून लग्न जुळवताना मूळ जात विचारतात, हळूच विचारतात.

पण आमच्यातच कवी नारायण वामन टिळक होऊन गेले. १८९५ ला बाप्तिस्मा घेतला, घरदार सुटलं, पुढे पत्नी लक्ष्मीबाईही आल्या. २० वर्षांहून जास्त ख्रिस्ती मिशनचं काम केल्यावर १९१७ मध्ये ते मिशनमधून बाहेर पडले आणि साताऱ्याला त्यांनी देवाचा दरबार काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले पण चालतील आणि न घेतलेले पण, फक्त येशूच्या मार्गाने सेवा करायची. मिशनऱ्यांना ते झेपणारं नव्हतं. दोनच वर्षांत, १९१९ ला टिळक गेले आणि ते काम वाढायचं राहिलं. पण मला वाटतं की मराठी मातीतला माणूस ख्रिस्ती झाल्यावर त्याने भजन, कीर्तन, दरबार हे सगळं बरोबर आणलं आणि म्हणाला की देवाच्या घराचं कुंपण आपण घातलेलं आहे. शिंदे आणि टिळक दोघं एकाच काळातले, दोघांनीही परक्या मिशनकडून बरंच घेतलं आणि दोघंही शेवटी आपल्या लोकांत येऊन बसले. यावर कुणी नीट अभ्यास करून लिहायला पाहिजे.

पाऊसपाणी:

पहिल्यांदाच इथे लिहितेय, एरवी नुसती वाचते. माझा मुलगा समलिंगी आहे. २०१८ ला सप्टेंबरमध्ये समलिंगी संबंध गुन्हा नाही असा कोर्टाचा निकाल आला त्या दिवशी तो फोनवर खूप वेळ रडला, मी पण. तो लहानपणापासून आमच्याबरोबर एका सत्संगाला यायचा, उत्तम पेटी वाजवतो. नंतर कुणाला तरी कळलं आणि कुणी काहीही बोललं नाही, खरंच कुणी वाईट शब्द काढला नाही, पण पेटीवर दुसऱ्याला बसवायला लागले. तू ये ना, ऐकायला बस म्हणायचे. त्याने जाणं सोडलं आणि मग मीही. लोक मला म्हणतात तिथे त्याला कुणी हाकललं का. नाही हाकललं. तुमच्या पत्रकात सर्वांचं स्वागत असं लिहिलंत तर माझ्यासारखी आई ते वाचून विचार करेल की म्हणजे नक्की कुणाचं. सगळ्या ठिकाणी तेच लिहिलेलं असतं. नाव घेऊन लिहा. समलिंगी, ट्रान्सजेंडर माणसं असं स्पष्ट लिहा, आणि पेटीवर कोण बसू शकतं ते पण लिहा.

चार्ल्सकाठचा:

पाऊसपाणी ताई, तुमची कमेंट बायकोला वाचून दाखवली. इकडे याच कारणासाठी १९९० च्या सुमारास आमच्या पंथाने एक पद्धत सुरू केली, की एखाद्या चर्चला आम्ही समलिंगी लोकांचं स्वागत करतो असं म्हणायचं असेल तर आधी सगळ्या सभासदांनी मिळून शिकायचं, चर्चा करायच्या, आपली भाषा, फॉर्म, लग्नविधी, मुलांचे वर्ग सगळं तपासायचं, आणि मग मतदान करून तसं जाहीर करायचं. नुसता झेंडा लावून चालत नाही. आमच्या चर्चमध्ये त्या चर्चांच्या वेळी काही जुने लोक नाराज झाले होते असं ऐकलंय, पण बहुतेक राहिले. तुमचा मुलगा कधी या बाजूला आला तर त्याला पेटी घेऊन यायला सांगा, आमच्याकडे पियानो आहे पण पेटी नाही.

सातबारा:

धागा आवडला पण एक अडचण कुणी बोलत नाहीये. सगळ्यांचं स्वागत म्हणताय, मग जो माणूस येऊन म्हणेल की मुसलमानांना इथे बोलावू नका किंवा आरक्षणवाल्यांबद्दल घाण बोलेल त्याचं पण स्वागत का? आमच्या गावच्या हरिनाम सप्ताहात असाच एक जण होता, दोन वर्षांत त्याच्यामुळे चार घरं यायची बंद झाली. कुणी त्याला बोललं नाही कारण सगळ्यांशी प्रेमाने वागायचं.

रानवारा:

सातबारा, याच्यावर आमच्या गटात खूप बोलणं झालंय. माझं मत सांगते, बाकीच्यांचं वेगळं असू शकेल. त्या माणसाशी प्रेमाने वागायचं म्हणजे त्याला बोलू द्यायचं असं नाही. त्याच्या शेजारी बसून, जमलं तर एकट्यात, नाही तर सगळ्यांसमोर, हे इथे चालणार नाही असं सांगणं हे पण प्रेमच आहे आणि जास्त कष्टाचं आहे. तो बदलला तर राहील. नाही बदलला आणि निघून गेला तर वाईट वाटेल. पण ती चार घरं गेली तेव्हा कुणाला वाईट वाटलं का, की ती गेलेली कळलीच नाहीत? जो मोठ्याने बोलतो त्याला सांभाळायचं आणि जे गुपचूप उठून जातात त्यांना सोडून द्यायचं, याला मी स्वागत म्हणणार नाही. शिंद्यांचं पण बघा, ब्राह्मणांशी मैत्री, मराठ्यांत वावर, अस्पृश्यांत काम, सगळ्यांशी गोड, पण कुणाला बरं वाटावं म्हणून त्यांनी काम थांबवलं नाही. १९१० मध्ये प्रार्थना समाजाच्या प्रचारकाचं पद सुटलं तरी मिशन सोडलं नाही.

कोकणकडा:

मी वर लिहिलं होतं त्यावर चंद्रभागा ताईंनी छान उत्तर दिलं. अजून माझं म्हणणं पूर्ण गेलेलं नाही पण एक जाणवलं. हाजी अलीचं उदाहरण घेतो. बायकांना मजारीपर्यंत जाऊ देत नव्हते, भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या बायका कोर्टात गेल्या आणि ऑगस्ट २०१६ ला हायकोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. त्याच वर्षी शनिशिंगणापूरचा चौथराही बायकांना उघडला. मी याकडे कायद्याचा विजय म्हणून बघत होतो. पण त्या बायका कोर्टात गेल्या कशासाठी, त्यांना त्या पिराबद्दल प्रेम होतं म्हणूनच ना. माझ्यासारखा माणूस त्या दर्ग्यासाठी कधी कोर्टात गेला नसता. हे आधी डोक्यात आलं नव्हतं.

तळटीप:

एक छोटी माहिती, कुणाला रस असेल तर. युनिटेरियन विचार फक्त इंग्रजांकडून आला असं नाही. मद्रासला १७९५ मध्ये विल्यम रॉबर्ट्स नावाच्या, एके काळी गुलाम असलेल्या तमिळ माणसाने युनिटेरियन चर्च सुरू केलं. मेघालयात हाजोम किसोर सिंग यांनी १८८७ ला जोवाईत खासी लोकांमध्ये सुरू केलं आणि ते आजही जोरात आहे. कोणी बाहेरून येऊन केलं नाही, त्यांच्याच माणसांनी केलं. भीमाकाठ म्हणतात त्याला धरून आहे म्हणून सांगितलं.

रानवारा:

सगळ्यांचे प्रतिसाद गटात वाचून दाखवले. थोडी वादावादी झाली, दोघांना वाटलं आपण उगाच स्वतःला गुन्हेगार ठरवतोय, त्यांच्याशी बोलणं चालू आहे. पत्रकाचा नवा मसुदा असा आहे. पहिलं वाक्य काढून टाकलं. त्याऐवजी, इथे दलित, आदिवासी, मुस्लिम, ख्रिस्ती, समलिंगी, ट्रान्सजेंडर, श्रद्धाळू, नास्तिक सगळे गातील, वाजवतील, बोलतील आणि कार्यक्रम ठरवतील. विषय ठरवणारी पाच जणांची समिती, दरवर्षी बदलणार, आणि तिच्यात निदान तिघं नवीन आलेल्यांमधले असणार. वर्गणी ऐच्छिक, हिशोब सगळ्यांसमोर. कुणाबद्दल द्वेषाचं बोलणं झालं तर ते तिथेच थांबवायची जबाबदारी त्या दिवशीच्या सूत्रधाराची. हॉल आधी बघितलेला रद्द केला, आता नाना पेठेच्या बाजूला बघतोय, शिंद्यांचा अहिल्याश्रम तिकडेच आहे म्हणून नाही, बस जवळ आहे आणि गेटवर कुणी नाव विचारत नाही म्हणून.

भीमाकाठ, हा मसुदा छापायच्या आधी तुम्ही बघाल का? पुण्यात असाल तर भेटू, नाहीतर इथेच काट मारा.

भीमाकाठ:

बघतो. एक आत्ताच सांगतो, ‘नवीन आलेल्यांमधले तिघं’ असं लिहिलंत ते ठीक, पण ते तिघं कोण हे जुन्यांनी निवडायचं की नवीन लोकांनी? नागपूरचं भांडण त्यावरच होतं.

रानवारा:

नवीन लोकांनी. तसं स्पष्ट लिहिते.

पाऊसपाणी:

मुलाला मसुदा पाठवला. त्याने विचारलंय भजनं काळी दोन पट्टीत म्हणता का पांढरी चार.